तक्ता पिशवीतच राहू दे

अमळनेर
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दिव्यांग मुलांच्या घरी तू केलेल्या भेटींच्या वहीचे फोटोही पाहिले. अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी बरं आहे. पण सात भेटींपैकी तीन पानांवर एकच शेरा दिसला, 'पालकांचे सहकार्य नाही'. विशेष शिक्षिका म्हणून हा शेरा मी स्वतः किती वेळा लिहिलाय याची मोजदाद नाही, तेव्हा तुला रागवायचा मला हक्क नाही. तो लिहायचं मी कधी थांबवलं, तेवढं सांगते.

धरणगावच्या बाजूचं एक खेडं. सात वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन स्नायूंवर ताबा न राहणं), पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे. मी नवीन, प्रशिक्षणातलं सगळं ताजं. त्याच्या आईला मी पुठ्ठ्यावर चिकटवलेला तक्ता दिला. आठ व्यायाम, दिवसातून तीनदा, प्रत्येकापुढे खूण करायला चौकट. स्केचपेनने रंगवलेला. महिन्याने गेले तर तक्ता खिळ्याला टांगलेला आणि सगळ्या चौकटी कोऱ्या. मी तिला बोलले. ओटीवर सासू बसली होती, शेजारीण दारात होती, त्यांच्यादेखत बोलले. ती खाली बघत म्हणाली, "मनाकडे इतला येळ कथा शे, बाई?"

त्या संध्याकाळी शेवटची एस.टी. आलीच नाही. गावात दुसरं ओळखीचं घर नव्हतं, म्हणून जिला तासापूर्वी बोलले तिच्याच घरी मुक्काम. सासूने शेवभाजी केली. मला घास गिळवेना, पण तिखटाचं निमित्त सांगून पाणी पीत राहिले. पहाटे जाग आली तेव्हा चूल पेटलेली होती. पाणी भरून झालं होतं. भाकरी थापता थापता ती मुलाला मांडीशी टेकवून बसवत होती. मग त्याची आंघोळ, तेल, कपडे. सहाच्या सुमाराला त्याला कडेवर घेऊन कापूस वेचायला. वेचणीची मजुरी किलोवर, उशिरा पोचलं की तेवढे किलो गेले. मुलगा बांधावरच्या निंबाखाली, जुन्या लुगड्याच्या झोळीत. दुपारी दोनदा येऊन ती त्याची कूस बदलून गेली. मी बांधावर बसून हे पाहत होते आणि पर्समध्ये माझी वही होती, त्यात आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात लिहिलेला शेरा.

तुम्हाला प्रशिक्षणात मूल शिकवतात. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा कसा लिहायचा, कुठल्या वयाला काय यायला हवं, कुठला खेळ कशासाठी, सगळं शिकवतात. आईबापाला मात्र त्या आराखड्यात एकच जागा असते, शेवटच्या ओळीत, 'पालकांनी घरी सराव करून घ्यावा'. माझं सगळं सांगणं या ओळीविरुद्ध आहे. ज्या घरात आपण जातो तिथे आधीच ओझं आहे. तू गेल्यावर ते रतीभर तरी उतरलं पाहिजे. वाढवून आलीस तर पुढच्या वेळी दार उघडायला त्यांना उशीर लागेल, आणि तू वहीत पुन्हा तेच लिहिशील.

म्हणून पहिल्या दोन भेटींत तक्ता पिशवीतच राहू दे. "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं?" एवढंच विचार आणि ऐक. त्या घरी मी नंतर एकही नवा व्यायाम सांगितला नाही. तेल लावते तेव्हा गुडघा सरळ ठेवून पावलाचा पुढचा भाग हळू वर दाब आणि मनात वीसपर्यंत मोज, एवढं दाखवलं. आडवं निजवून भरवत होती, ठसका लागायचा, तर पाठीला पोत्याचा टेकू देऊन बसवून भरव म्हटलं. भाकरी थापताना पिठाचा छोटा उंडा त्याच्या हातात द्यायचा, तो दाबू दे, फेकू दे, खाऊ दे. कळण्याच्या पिठाने तो नखशिखांत माखायचा आणि सासू बडबडायची, पण उंडा रोज मिळायचा. कारण त्याला वेगळा वेळ लागत नव्हता.

तू लिहिलंस की चोपड्याच्या त्या मुलीला 'साध्या सूचनाही समजत नाहीत'. सूचना तू कोणत्या भाषेत दिल्यास? घरात अहिराणी चालते का, रावेर-यावलकडून आलेलं लेवा कुटुंब आहे का, की सातपुड्याच्या पायथ्याचं पावरी बोलणारं? "तुझं नाव काय?" ला गप्प बसलेलं पोर "तुनं नाव काय शे?" म्हटल्यावर हसलेलं मी पाहिलंय. चाचणी घेणाऱ्यासमोर हे बोलायला आई लाजते, तिला वाटतं आपली बोली म्हणजे आपलाच अडाणीपणा. तिच्या वतीने तू बोल. "त्याले बठ्ठं समजस", म्हणजे त्याला सगळं समजतं, असं एखादी आई म्हणते तेव्हा आपण मनात म्हणतो, आईच ती, म्हणणारच. तसं म्हणू नकोस. तिला विचार, काय काय समजतं, कशावरून कळतं. निम्मी माहिती तिथेच मिळते.

आता दोषाचं. प्रत्येक घरात कुणीतरी आईला आधीच गुन्हेगार ठरवलेलं असतं. ग्रहणात बाहेर गेली, सुरी धरली, पपई खाल्ली, माहेरचं रक्तच तसं. एका घरी डाउन सिंड्रोमची तीन वर्षांची मुलगी होती. मी आईला बाजूला नेऊन समजावलं की यात तुझं काही चुकलं नाही. ती म्हणाली, "हे माले सांगीसन काय उपेग, बाई? त्यास्ले सांगा." तिचं खरं होतं. मग चहाच्या वेळी सासू, सासरे, नवरा, दीर सगळे असताना मी बोलले, मुद्दाम जरा मोठ्याने. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत 46 गुणसूत्रं असतात, हिच्यात 47 आहेत, 21 व्या क्रमांकाचं एक जास्तीचं. बहुतेक वेळा हे गर्भ राहतानाच ठरून जातं. त्याच्यानंतर आलेलं ग्रहण त्यात काय करणार? सासरे बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे मोजण्यातच एक जास्त झालं." मी हो म्हटलं. तेव्हापासून खुलासा खाजगीत करत नाही, जिथे आरोप होतो त्याच ओटीवर करते.

देवऋषी, नवस, कानबाईला बोललेलं गाऱ्हाणं, यांवर तोंड वाकडं करू नकोस. त्या आजीजवळ नातवासाठी करता येण्यासारखं दुसरं काय आहे? मी म्हणायचे, नवस करा, पण आकडीची गोळी एक दिवससुद्धा चुकवू नका आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. दोन ठिकाणी मात्र मी भांडलेय आणि तूही भांड. एक, डागण्या देणं. दुसरं, आकडी आल्यावर तोंडात चमचा कोंबणं. कांदा-चप्पल हुंगवून काही होत नाही, पण त्यात वेळ जातो. मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टणक सामान सरकवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढायची. हे घरातल्या थोरल्या भावंडालाही शिकव, कारण आई रानात असताना घरी तेच असतं. आणि त्या थोरल्या बहिणीची शाळा सुटली नाही ना, हेही बघ. तिचं नाव आपल्या यादीत नसतं.

'बाप लक्ष देत नाही' असंही तू लिहिलंयस. तू सकाळी अकराला जातेस. तो केळीची गाडी भरायला गेलेला असतो. एकदा संध्याकाळी जा, आणि घरात बोलण्यापेक्षा पारावर किंवा चहाच्या टपरीवर त्याच्याशी बोल. बाईमाणसाला हे सगळ्या गावात सोपं नाही, तेव्हा सोबत कुणीतरी शिक्षक असू दे. बाप मुलाच्या आजच्याबद्दल फार विचारत नाहीत. ते एकदम शेवटाला जातात, "आमच्या पाठीमागे याचं काय?" याला घाईने उत्तर देऊ नकोस, 'होईल सगळं छान' तर अजिबात म्हणू नकोस. त्याला उरलेलं बोलू दे. मग सांग, की मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं, आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतची. फार मोठा आधार आहे असं मी म्हणत नाही, पण रात्री झोप न येणाऱ्या माणसाला करण्यासारखं एक काम मिळतं.

कागदांची गोष्ट निघालीच आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं, आणि मूल अनोळखी गर्दीत रडून रडून बेजार. एका कार्यालयातून एका आईला मी तीनदा परत आलेलं पाहिलं. एकदा आधारवरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नव्हतं, एकदा फोटो कमी, एकदा तपासणीचा वार वेगळा. चौथ्यांदा ती गेलीच नाही. यातलं प्रत्येक कारण घरबसल्या निस्तरता आलं असतं. हे काम तुझं. निघण्याआधी फोन करून वार विचार, नावं जुळव, झेरॉक्स काढ, आणि पहिल्यांदा जाताना बरोबर जा.

त्या प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांचंही समजावून सांग. एका बापाने मला विचारलं होतं, "पंच्याहत्तर टक्के म्हणजे फस्क्लास ना, बाई?" तो थट्टा करत होता की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही. सवलतींना 40 टक्के लागतात, लहान मुलाचं प्रमाणपत्र बऱ्याचदा पुढे नवं करून घ्यावं लागतं, एवढं तरी घरच्यांना माहीत हवं.

शाळेबद्दल. 'तपासणीच्या दिवशी घरी ठेवा' किंवा 'इतर पोरांच्या पालकांची तक्रार येते' हे तुझ्या कानावर येईल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. हा कायदा पालकाच्या हातात कागद म्हणून देऊन त्याला एकट्याला मुख्याध्यापकांकडे पाठवू नकोस. त्याला उद्या त्याच गावात राहायचंय, त्याच्या दुसऱ्या मुलाला त्याच वर्गात बसायचंय. बोलणं तू कर. तुझी नोकरी कंत्राटी आहे, हे मला ठाऊक आहे, तेव्हा गोड बोलून कर. पण पालकाला पुढे करू नकोस.

'हा कधी बोलेल?' असं विचारतात तेव्हा 'सहा महिन्यांत' म्हणणारे शहरात पैसे घेऊन बसलेत. 'कधीच नाही' म्हणणारेही आहेत, ते फुकट सांगतात. तू आखाजीपर्यंतचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतचं सांग. आखाजीपर्यंत पाणी हवं असलं की पेल्याकडे बोट दाखवेल, असा आपण प्रयत्न करू. एवढंच. आणि पोराने बोट दाखवलं की आईला फोन कर, वहीत नंतर लिही.

आखाजीवरून आठवलं. पारोळ्याच्या बाजूची एक बाई सहा वर्षं माहेरी गेली नव्हती. आखाजीला गावातल्या सगळ्या सासुरवाशिणी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, गाणी चाललेली, आणि हिचा स्वमग्न मुलगा त्या गलक्यात कान दाबून किंचाळणार, सगळ्या बघणार. हे मला तिने सांगितलं नव्हतं. तपासणी शिबिराला गट साधन केंद्रात बाया ताटकळत बसल्या होत्या, तिथे तिने दुसऱ्या एका आईला सांगितलं. मी मागे फॉर्म भरत होते म्हणून कानावर आलं. ती दुसरी म्हणाली, "मी ते सकाळी जास. झोका रिकामा ऱ्हास." तिचा मुलगाही तसाच. सकाळी साडेसहाला, गाणी सुरू व्हायच्या आत, झोका त्याचा एकट्याचा.

बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या डोक्यात हे आलं नसतं. त्या शिबिरानंतर मी पालक मेळाव्यातलं माझं भाषण काढून टाकलं. सतरंजी, चहा, आणि मुलांना सांभाळायला दोन माणसं, एवढी सोय करायची आणि आपण लांब बसायचं. बाप लोक पहिल्या तासात मोबाइल बघतात. दुसऱ्या तासात कुणीतरी एस.टी.च्या सवलतीचं विचारतो आणि मग ते थांबत नाहीत. तुझ्याकडे सतरंजीला पैसे नसतील तर शाळेची माग.

त्या तीन घरी पुन्हा जा. वेचणी संपेपर्यंत रविवारी जा, त्यातही बाजाराचा दिवस सोडून. पाणी दिलं तर पी, नाही म्हणू नकोस. जाताना बाजारातून चेनच्या तीन प्लास्टिकच्या फाइली घे, आधार, दाखला, प्रमाणपत्र, गोळ्यांची चिठ्ठी सगळं एकाच ठिकाणी राहील. निळ्या घेऊ नकोस, सगळ्यांकडे निळ्याच असतात आणि दवाखान्यात अदलाबदल होते.

तुझी,
बाई