जुन्या पद्मिनीला नवे टायर

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, नवे रेडियल टायर घेतलेत, दुकानवाला म्हणतो ट्यूब नको, डायरेक्ट बसवतो. चालेल का? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : नको दादा. त्या काळच्या रिमवर टायरची कड अडवणारा उंचवटा सहसा नसतो, त्यामुळं हवा कमी झाली की वळणावर टायर रिमवरनं सुटू शकतो, म्हणून ट्यूब टाकाच आणि तीपण रेडियलचीच मागा. आधी रिमचा गंज घासून घ्या, तडा बघा. कड बसवताना 40 पीएसआयच्या वर हवा नकोच, नाही बसली तर हवा सोडून साबणपाणी लावून परत ट्राय. आणि टायरवरचा चार आकडी कोड बघा, 2324 म्हणजे टायर 2024 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला, पडून राहिलेला माल गळ्यात मारतात राव!