मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या आराखड्यावर सामान्य माणसाने हरकत-सूचना द्यावी का आणि दिली तर काय लिहावं?

तुम्ही माझगावचे रहिवासी आहात. बंदराच्या जुन्या जमिनीचा पुनर्विकास व्हायचा आहे, आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात. त्या कोणी वाचतं का आणि लिहायचं झालं तर काय लिहावं, असा तुमचा प्रश्न आहे. माझं बालपण शिवडीत गेलं, घरात गोदीची नोकरी होती, त्यामुळे या विषयावर मी तटस्थपणे लिहू शकत नाही, हे आधीच सांगतो.

सूचना द्याच. फेब्रुवारी २०१५ मध्ये महापालिकेने शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला, तेव्हा लोकांनी आपापल्या वॉर्डाचे नकाशे उघडून पाहिले. कुठे उभ्या इमारतींवरून रस्ता गेलेला, कुठे वारसा वास्तूंची नोंदच गाळलेली. हजारो हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्याने करायला लावला. सुधारित मसुदा यायला २०१६ उजाडलं. त्यातल्या पुष्कळ हरकती 'आमच्या गल्लीत हे चुकलंय' इतक्याच साध्या होत्या. त्या खोडून काढणं अवघड गेलं, कारण जागेवर जाऊन बघितलं की चूक समोर दिसत होती.

दुसरं उदाहरण वरळीचं. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं. कागदावर ते भरपूर वाटतं. वरळी कोळीवाड्यातले मच्छीमार मात्र पहिल्यापासून सांगत होते की क्लीव्हलँड बंदरातून एक होडी निघाली आणि त्याच वेळी दुसरी परत येत असली, वर वारा आणि आडवा प्रवाह असला, की होडी खांबाकडे ढकलली जाते. हे कुठल्या अहवालात नव्हतं, ते रोज सुकाणू धरणाऱ्याला माहीत होतं. त्यांनी काम अडवलं, बैठका केल्या, मीटरच्या भाषेत बोलत राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं सरकारने मान्य केलं. मागणी याहून जास्त होती. तरी 'आमचा रोजगार वाचवा' एवढंच म्हणत राहिले असते, तर हा खांब हलला असता असं मला वाटत नाही.

आता आपला पूर्व किनारा. २०१४ मध्ये केंद्राने बंदराच्या जमिनीच्या विकासाबाबत राणी जाधव समिती नेमली. पुढे २०१८ मध्ये राज्याने बंदराच्या जमिनीसाठी पोर्ट ट्रस्टलाच, म्हणजे बंदराचा कारभार पाहणाऱ्या संस्थेलाच, विशेष नियोजन प्राधिकरण (त्या जागेचा आराखडा करणारी यंत्रणा) नेमलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी सुमारे ९६६ हेक्टरचा मसुदा लोकांसमोर आला. एवढी सलग जमीन या शहरात पुन्हा मिळणार नाही. म्हणून या सूचनांकडे मी फार गांभीर्याने बघतो.

ऐतिहासिक जागा म्हटली की लोक दगडी गोदामं, घड्याळाचे मनोरे, जुने दिवे वाचवा असं लिहितात. ते लिहाच. पण १८७५ साली बांधलेल्या ससून डॉकचं मोल मला विचाराल तर दीडशे वर्षांनंतरही तिथे मासळी उतरते, यात आहे. भाऊच्या धक्क्यावर पहाटे एकदा जाऊन या. बोटी एकमेकींना खेटून लागलेल्या असतात, एका बोटीवरून दुसरीवर, तिथून धक्क्यावर अशा मासळीच्या पाट्या हातोहात येतात. बर्फ फोडून टाकतात, पायाखाली सगळा चिखल, लिलावाचा आवाज, आणि मागे टेम्पो वळवायला इंचभर जागा नाही. उजाडल्यावर त्याच परिसरातून रेवस-मोऱ्याच्या लाँचची माणसं चालत असतात, २०२० पासून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, जवळूनच सुटते. इथे फरसबंदी, बाकडी आणि कॅफे आणले आणि मासळी 'तात्पुरती' दुसरीकडे नेली, तर दगड राहतील आणि धक्का जाईल. म्हणून सूचनेत लिहा: मासळी उतरवायची जागा पाण्याला लागून आहे तिथेच राहावी, बर्फाची आणि शीतगृहाची सोय, छप्पर, गोडं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, टेम्पो वळायला पुरेशी रुंदी. ही यादी घरी बसून करू नका. तिथल्या मावशींना विचारा, त्या पाच मिनिटांत तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली यादी सांगतील.

नकाशा पाहून थांबू नका, सोबतची विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे कुठे काय आणि किती बांधता येईल याचे नियम, जरूर वाचा. गिरण्यांच्या जमिनींचा घात तिथे झाला. १९९१ च्या नियमात पुनर्विकास करताना जमिनीचे साधारण तीन वाटे होते: शहराला मोकळी जागा, सार्वजनिक घरं आणि मालकाला उरलेली. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची होईल असं ठरलं. गिरणीच्या शेडखालची जमीन वाटणीतून बाहेर गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं, २००६ मध्ये तो बदल कायम राहिला आणि गिरणगावाच्या वाट्याला मैदानांचे तुकडे आले. तेव्हा मसुद्यात 'मोकळी जागा' दिसली की व्याख्या शोधा. पार्किंगच्या छतावरची बाग त्यात धरली आहे का? धरली असेल तर हरकत घ्या आणि जमिनीवरची, सगळ्यांना दिवसभर विनाशुल्क खुली जागा असा शब्दप्रयोग मागा.

दारूखान्याकडच्या पट्ट्यात बाग दाखवली असेल तर आधी मातीची तपासणी मागा. तिथे पिढ्यानपिढ्या जहाजं तोडली गेली आहेत, तेल, रंग, ॲस्बेस्टॉस त्या जमिनीत मुरलेलं आहे. बागेत लहान मुलं खेळणार, हे विसरून चालणार नाही. झोपड्यांचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. जमीन केंद्राच्या अखत्यारीतली असल्याने राज्याची पुनर्वसन योजना तिथे आपोआप लागू होत नाही, म्हणून घर कुठे, किती अंतरावर आणि कधी मिळणार हे आराखड्यातच लिहून मागायला हवं.

छापील नमुन्यावर दोनशे जणांनी सह्या केलेलं पत्र एकच हरकत म्हणून मोजलं जाण्याचा धोका असतो, तेव्हा शक्यतो प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावं. एका पत्रात एकच मुद्दा ठेवा. नकाशाचा क्रमांक, भूखंड किंवा रस्ता, नियमाचं कलम, काय चुकतंय आणि त्याऐवजी काय हवं, एवढं पानभर पुरतं. शक्य असेल तर जागेचा फोटो जोडा. मराठीत लिहा, बिनदिक्कत. मुदतीच्या आत प्रत्यक्ष नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या, आणि पत्राच्या शेवटी 'मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे' हे वाक्य लिहायला विसरू नका. सुनावणीला जाताना एकटे जाऊ नका, धक्क्यावरच्या कोणाला तरी सोबत न्या आणि त्यांना आधी बोलू द्या.