फुटपाथवर राहणाऱ्या ९ वर्षांच्या मुलीला कागदपत्रांशिवाय शाळेत प्रवेश मिळेल का?

हो, मिळायलाच हवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १४ स्पष्ट सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून ६ ते १४ वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखला नसेल तर दवाखान्यातली नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचं वयाबद्दलचं घोषणापत्र चालतं. आधार नसलं म्हणूनही परत पाठवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसं सांगितलंय. जून उलटून गेला असला तरी जा.

जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत थेट मुख्याध्यापकांना भेटा. खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांच्या मागे आधी लागू नका. तिथे रहिवासाचा पुरावा आणि शाळेपासूनचं अंतर लागतं, नेमकं तिथेच बेघर कुटुंबाचं घोडं अडतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती इयत्तेत. कधीच शाळेत न गेलेल्या मुलीला सरळ पहिलीत बसवतात, मग लहान मुलांमध्ये लाजून ती यायचंच सोडते. कलम ४ प्रमाणे तिला वयानुरूप वर्गातच घ्यायचं असतं, म्हणजे साधारण चौथीत. मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण देणं ही शाळेची जबाबदारी. त्याची मागणी अर्जातच लिहा. पुस्तकं आणि दुपारचं जेवणही मोफत.

नकार बहुतेकदा तोंडी असतो. म्हणून अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या. तरीही टाळलं तर शहरात पालिकेच्या शिक्षण विभागाकडे, गावात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. कलम ३२ नुसार ३ महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.