बंदूक हातात घेण्याआधी

बाबू, परवाना तुझ्या नावावर झाला, बरं झालं. आता एक सवय आजपासूनच लाव. बंदूक कुणाकडूनही घे, ‘रिकामीच आहे’ असं शपथेवर सांगितलं तरी तिथल्या तिथे उघडून आत बघ. यात मी घरच्यांवरही विश्वास ठेवत नाही. नळीचं तोंड माणसाकडे कधीच नको आणि नेम धरेपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर. कुंपण ओलांडताना काडतूस आधी काढायचं.

बारा बोअर आणि वीस बोअरची काडतुसं एका खिशात ठेवू नको. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप, आणि वीसचं बाराहून बारीक. वीसचं काडतूस बाराच्या नळीत सरकून पुढे अडकतं. बंदूक रिकामी वाटते, म्हणून मागून बाराचं घातलं आणि बार उडवला की नळी हातातच फुटते. चाप ओढूनही बार झाला नाही तर लगेच उघडू नको. तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांब. आवाज फुसका आला तर नळी तपासल्याशिवाय दुसरा बार नाही.

दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट, गाल टेकलेला, कानात बोळे. चिऱ्यांच्या गडग्यावर किंवा पाण्यावर झाडू नको, छर्रा उलटतो. मागे मातीचा चढ हवा.

आपल्या पावसात नळीला गंज लवकर धरतो. पुसून तेलाचा हात फिरव. आणि पीक राखायचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. रानडुकरांनी कुळागर, म्हणजे आपली सुपारी-नारळाची बाग, उकरलं तर आधी वनखात्याकडे जा.