दारू गावाकडे, तुम्ही परदेशात. मग मीटिंगला कोणी जायचं?

गावाहून रडका फोन येतो तो बहुतेक वेळा आईचा, नाहीतर वहिनीचा. कापसाचा चुकारा आला आणि आठवड्यात संपला, दादा पोळ्यापासून धड शुद्धीत नाही, पानठेल्यावरची उधारी वेगळीच. मग इकडे बसलेला मुलगा दोन कामं करतो. लगेच पैसे पाठवतो आणि पिणाऱ्याला फोनवर झापतो. पैशाने उधारी फिटते, म्हणजे भट्टीवर पत पुन्हा उभी राहते. झापल्याने त्याला त्या संध्याकाळी प्यायला कारण मिळतं. दारूवर परिणाम कशाचाच नाही.

इथे उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे अल-अनॉन, पिणाऱ्यांच्या घरच्यांनी एकमेकांना आधार द्यायचे गट. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालं, ते दारू सोडू पाहणाऱ्या पिणाऱ्यांसाठी. त्यांच्या घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी १९५१ मध्ये अल-अनॉन उभं राहिलं, आणि १९५७ पासून त्यांच्या मुलांसाठी अलाटीन. पिणाऱ्याने दारू सोडलेली असावी ही अट नाही. तुम्ही मीटिंगला जाता हे त्याला कळायचीही गरज नाही. घरच्या किंवा मित्राच्या दारूचा तुम्हाला त्रास होतो, सभासद व्हायला एवढंच पुरतं.

म्हणून सुरुवात आईपासून नाही, तुमच्यापासून करा. तुमच्या शहरात मीटिंग असेल, नसेल तर ऑनलाइन आहेत. साधारण तासा-दीड तासाची बैठक. सुरुवातीला काही वाचन, मग एकेक जण आपलं बोलतो. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही, आडनाव विचारत नाही. फी नाही, शेवटी डबा फिरतो त्यात जमेल ते टाकायचं. बोलायचं नसेल तर नुसतं ऐका. आपल्या माणसांना पहिल्या दिवशी हे फुकट वेळ घालवणं वाटतं, कारण ‘मग बाबांचं करायचं काय?’ याला तिथे कोणी उत्तर देत नाही. निदान सहा बैठका बसल्याशिवाय मत बनवू नका, असं तिथेच सांगतात, आणि ते रास्त आहे. दारू तुमच्यामुळे लागलेली नाही, ती तुमच्या ताब्यात नाही, आणि ती बरी करणंही तुमच्या हातात नाही, या तीन गोष्टी डोक्यात शिरायलाच तेवढा वेळ लागतो.

आता गावाकडचं. नागपूर-अमरावतीसारख्या शहरात गट सापडू शकतो, पण झरी किंवा धारणीकडच्या खेड्यातून आई दर आठवड्याला तिथे जाणार नाही. फोनवरची मराठी किंवा हिंदी बैठक चालेल, फक्त तिला वेगळी जागा हवी. पलीकडच्या खोलीत बाबा असताना कोणी खरं बोलत नाही. शेजारणीच्या घरी, इअरफोन लावून, ते बाहेर गेलेले असतात ती वेळ धरा.

तिला दुसरी एखादी बाई सापडली तर दोघीही बसू शकतात. एकमेकींना आधार द्यायला जमलेल्या नातलगांचा तो गटच, फक्त त्याला दुसरं कशाचं शेपूट नको. इथेच आपल्याकडे हमखास गडबड होते. बचत गट तयार असतो, म्हणून त्यातच हा विषय घुसवतात. मग कर्जाचा हप्ता आणि घरचं दुखणं एका वहीत येतं आणि आठ दिवसांत भाऊकीभर होतं. दुसरी गडबड दारूबंदीची. वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. बाया मोर्चे काढतात, बाटली आडवी करायला मतदान घेतात, ते काम मोठंच आहे. पण मोर्चात नाव पुढे असावं लागतं आणि या बैठकीत नाव झाकलेलं. दोन्ही करा, वेगवेगळ्या दिवशी. बैठक आपल्या गावात नकोच. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी, भाजी घ्यायला गेल्यावर तासभर कुठे बसल्या तर कोणी ‘कुठी गेली होती वं?’ विचारत नाही. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना जिथे चालते, तिथल्या बायांना असं ठरल्या वेळी शांत बसणं नवीन नसतं, हा आपला फायदा.

तुमच्या हातात खरा दोर आहे तो पैशाचा. बाबांच्या किंवा जॉइंट खात्यात टाकणं बंद करा. आईच्या एकटीच्या नावाचं खातं, मेसेज तिच्याच मोबाइलवर, आणि एटीएम कार्ड देवघरातल्या डब्यात नाही. बियाणं-खताचे पैसे थेट कृषी केंद्राला, पोरांची फी थेट शाळेला. पानठेल्याची आणि भट्टीची उधारी फेडायची नाही, एकदाही नाही. पहिले काही आठवडे घरात तमाशा होईल आणि आईच म्हणेल, ‘दे ना बापा थोडेसे, लोक काय म्हणतीन.’ हे आधीच तिच्याशी बोलून ठेवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात तुम्हीच ढिले पडाल. पिणाऱ्याशी बोलायचं तर सकाळी. गावातले सकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. जी धमकी इतक्या लांबून पाळता येणार नाही ती देऊ नका.

त्याच्या दारूपासून अलिप्त राहायचं, याचा अर्थ मार खात राहायचं असा नाही. हात उगारला तर ११२ किंवा महिलांचा १८१. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आईला आणि वहिनीला दोघींनाही लागू आहे.

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातीतली पावडर मागवून जेवणात घालू नका. आत काय आहे ते कळत नाही. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध त्यात असेल आणि वरून तो दारू प्याला तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी मृत्यू. दुसरी, माळ घालून किंवा शपथ देऊन एका दिवसात बंद करणं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दिवसातच हात कापतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन माणूस भलतंच बोलू लागतो, दिसू नये ते त्याला दिसतं. बाहेरचं लागलं समजून त्याला अंगारा लावत बसतात. तो दवाखान्याचा रुग्ण आहे, १०८ बोलवा आणि जिल्हा रुग्णालयात न्या. तिथे ‘हे रोज पेतात, दोन दिवसांपासून बंद आहे’ हे स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही. ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी किंवा सोबत थायमिन, म्हणजे बी-१ द्यावं लागतं, आणि दारू लपवली तर डॉक्टरला ते सुचणार कसं? माळ घालायचीच असेल तर दवाखान्यातून आल्यावर घाला.

व्यसनमुक्ती केंद्र शोधताना फोनवर विचारा: डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, घरच्यांचा गट चालतो का. कोंडून ठेवणाऱ्या, मारणाऱ्या जागा आहेत. भेटू देत नसतील तर नको. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६, दोन्ही मोफत. फोन गावातल्या माणसालाच लावायला सांगा.

आणि दिवाळीला याल तेव्हा काकांसाठी, मित्रांसाठी म्हणून ड्युटी फ्रीची बाटली आणू नका. ती कोणाच्या नावाने आणली याला त्या घरात काही अर्थ नसतो.