हवा कुठे जाते ते आधी बघ

बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र आणि फोटो मिळाले. ट्यूबा, म्हणजे बँडमधलं सर्वांत खर्जातलं पितळी फुंकवाद्य, दोनपैकी कोणता घ्यावा हा तुझा प्रश्न. एकीकडे नवाकोरा लखलखता तीन चाव्यांचा बी-फ्लॅट पट्टीचा ट्यूबा, दुसरीकडे पोचे पडलेला, लाख उडालेला चार चाव्यांचा जुना ब्रिटिश ई-फ्लॅट. पत्रात बेलची, म्हणजे पुढच्या कर्ण्याच्या तोंडाची, रुंदी आहे, वजन आहे, लकाकी आहे, बँडमधल्या सगळ्यांची मतं आहेत. फुंकलेली हवा आत टिकते का, यावर मात्र अवाक्षर नाही. मेहनतीबद्दल तुला काही सांगायची गरज नाही. पण मेहनत गळक्या नळीत ओतायची नसते.

बी-फ्लॅटची नळी सरळ केली तर साधारण १८ फूट भरते, ई-फ्लॅटची १३. एवढ्या लांबीत कुठेतरी बारीक गळती असली की खर्जातले स्वर आधी पोकळ होतात. मग वाजवणारा जोर लावतो, ओठ सुजवून घेतो आणि दोष स्वतःच्या दमाला देतो. हे फार मुलांच्या बाबतीत होतं, आणि वेळेवर कुणी सांगत नाही याचा मला राग येतो.

तर असं कर. चावी न दाबता तिची स्लाइड, म्हणजे तिला जोडलेली सरकती नळी, बोटभर बाहेर ओढ. मनात पाच अंक मोज. मग चावी दाब. ‘टप्’ असा स्वच्छ आवाज आला तर पिस्टन (चावीखालचा दट्ट्या) आणि स्लाइड हवा धरून आहेत. नुसतं ‘फुस्स’ झालं, किंवा काहीच झालं नाही, तर हवा बाहेर जाते आहे. प्रत्येक चावीवर हे कर. त्याआधी पिस्टन काढून कोरड्या सुती कापडाने पूस आणि पातळ तेलाचे चार थेंब टाक. जाड तेल गळती तात्पुरती बुजवतं, म्हणून विकणाऱ्याने लावलेल्या तेलावर परीक्षा घ्यायची नाही. पाणी सोडायच्या चावीचा बूच दाबून बघ. तो वाळला असेल तर तिथूनही हवा जाते, पण ते काम दहा मिनिटांचं आहे. घासलेला पिस्टन हे दहा मिनिटांचं काम नव्हे.

आता पोचे. बेलवरचा पोचा डोळ्यांना खुपतो, आवाजाला फारसा नाही. माउथपीसजवळच्या (ओठ लावून फुंकायच्या तुकड्याजवळच्या) अरुंद नळीतला वाटाण्याएवढा पोचा मात्र स्वर बिघडवतो. त्याच नळीवर गुलाबी ठिपके आहेत का, उजेडात धरून बघ. ते पितळेतलं जस्त झडल्याची खूण असते आणि पॉलिश केल्याने जात नाहीत. ती नळीच बदलावी लागते. तू कोकणात राहतोस, दमट हवेत हे बघायलाच हवं.

‘चौथी चावी म्हणजे मिरवायचं काम’ असं तुला कोणी सांगितलं, ते विसर. १८३५ साली बँडप्रमुख वीप्रेख्त आणि वाद्यकार मोरिट्झ यांनी प्रशियात पेटंट घेतलेल्या पहिल्या ट्यूबालाच पाच चाव्या होत्या. कारण गणितात आहे. पहिली आणि तिसरी चावी एकेकटी अचूक जुळवली, तरी दोन्ही एकत्र दाबल्यावर नळी कमी पडते आणि स्वर सुमारे ३० सेंट चढतो (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर). तिन्ही दाबल्या तर ५० सेंटच्याही वर, म्हणजे पाव स्वर. कारखानदार तिसरी स्लाइड थोडी लांब करून हे निम्मंशिम्मं झाकतात. चौथी असेल तर पहिली-तिसरीच्या जागी एकटी चौथी, आणि तिन्हींच्या जागी दुसरी-चौथी. तुझ्या फोटोतल्या ई-फ्लॅटमध्ये मला चाव्यांच्या मागे जादा नळ्यांचा गुंता दिसतो. तो ब्लेकली या इंग्रज वाद्यतज्ज्ञाने १८७४ मध्ये काढलेला भरपाईचा मार्ग असणार: चौथी दाबली की हवा बाकीच्या चाव्यांतून दुसऱ्यांदा फिरून येते आणि कमी पडलेली लांबी भरून निघते. वजन वाढतं, फुंक किंचित अडते. चालेल.

एक धोका मात्र तपास. ब्रिटिश ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत, म्हणजे ‘ए’ हा स्वर आजच्या ४४० ऐवजी सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांवर धरून, वाजवत. तुझा ई-फ्लॅट त्या पट्टीतला निघाला तर मुख्य स्लाइड पूर्ण ओढूनही तो बँडशी जुळणार नाही. आधी दहा मिनिटं वाजवून वाद्य गरम कर, मग ट्यूनर (स्वर काट्याने दाखवणारं यंत्र) लाव, आणि डोळे मिटून वाज. काट्याकडे बघत ओठाने स्वर ओढून आणायचा नाही. काटा दुसऱ्याला वाचू दे. ४४० ला जुळल्यावर मुख्य स्लाइड निदान दोन सेंटिमीटर बाहेर ओढायला शिल्लक हवी, नाहीतर मे महिन्यात चढलेला स्वर खाली आणायला जागा उरत नाही.

माउथपीसकडेही तू नंबर बघून निघालास. आधी दांडा, म्हणजे माउथपीसचा वाद्यात शिरणारा भाग! अमेरिकन दांडा बारीक, युरोपियन जाड. माउथपीस बसवून हलकेच डोलवून बघ. डुगडुगला तर तिथेच हवा सांडते, मग कप, म्हणजे ओठांकडची वाटी, कितीही नामांकित असो. दांड्याला कागदाची एक घडी गुंडाळून वाजव; आवाज एकदम भरला तर दांडा चुकला आहे हे समज. कागद परीक्षेपुरता, कायमचा नाही.

नंबर त्यानंतर. बाख कंपनीचा १८ नंबर हा साधारण ३२.६ मिलिमीटर व्यासाचा, २४-एडब्ल्यू ३१.२५ चा. नंबर वाढला म्हणजे माउथपीस लहान झाला. हेलेबर्ग धाटणीचा कप नरसाळ्यासारखा खोल, त्याचा स्वर गोल आणि गडद. पण दम कच्चा असेल तर पट्टी सुटते. तुला आज १८ पुरे. तोच तीन आठवडे वाज. आठवड्याला माउथपीस बदलणाऱ्याच्या ओठांना घर मिळत नाही. यावरून मला हट्टी म्हणतात, म्हणोत. हवा सांडू देणाऱ्या सगळ्या गोष्टी दुरुस्त केल्यावर उरलेला दोष आपला, आणि आपला दोष सरावाने जातो. हा क्रम उलटा केला की वर्षं जातात.

ई-फ्लॅट चारही चाव्यांवर ‘टप्’ म्हणाला आणि ४४० ला आला, तर तो घे, पोच्यांसकट. नाही आला तर दोन्ही सोड. शनिवारी जाताना स्वतःचा माउथपीस, पातळ तेल, सुती कापड, ट्यूनर आणि काटा वाचायला एक मित्र ने. चारही चाव्यांचे निकाल लिहून कळव. फोटो नकोत.

तुझा,
काका