वाचक विचारतात : काळ्या तबकडीचे एकच घड्याळ घ्यायचे तर कोणते?

प्रश्न : मी रत्नागिरीत एका महाविद्यालयात शिकवतो. वडिलांचे पांढऱ्या तबकडीचे एचएमटी, लग्नात सासऱ्यांनी घातलेले सोनेरी घड्याळ, दोन टायटन आणि एक डिजिटल कॅसिओ एवढा माझा संग्रह आहे. त्यात काळ्या तबकडीचे एकही घड्याळ नाही. वर्गात, समारंभात आणि रविवारी मुलांबरोबर भाट्याच्या किनाऱ्यावर, असे सगळीकडे शोभेल असे एकच घड्याळ घ्यावे असा विचार आहे. इंटरनेटवर जुने एचएमटी पायलट अगदी कोरे दिसणारे, तेही स्वस्तात मिळते. ते घ्यावे का? माझे मनगट बारीक आहे, जेमतेम साडेसहा इंच. शिवाय आईचे म्हणणे असे, की शुभकार्यात काळे घालू नये.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या मातोश्रींच्या हरकतीपासून सुरुवात करतो, कारण घरी उत्तर आपल्याला द्यायचे आहे. संक्रांत सोडली तर आपल्याकडे मंगल कार्यात काळे वस्त्र टाळतात हे खरे. पण मंगळसूत्रातले मणी काळेच असतात, आणि बाहीखालून अर्धीमुर्धी दिसणारी तबकडी काही वस्त्रात मोडत नाही. एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही, तर त्या दिवसापुरते सासऱ्यांचे सोनेरी घड्याळ आहेच. सासरचे लोकही खूश होतील.

आता मुख्य मुद्दा. काळी तबकडी कोणत्याही कपड्यांवर आणि कोणत्याही पट्ट्याबरोबर जुळते, म्हणून ती सगळीकडे चालते, असे आपण समजतो. ते बरोबरच आहे, परंतु वैमानिकांच्या आणि पाणबुड्यांच्या घड्याळांत ती आली ती शोभेसाठी नव्हे, तर काळ्यावर पांढरे चटकन वाचता येते म्हणून. ज्या काळ्या तबकडीवर वेळ चटकन दिसत नाही, ती निम्म्या कामाची नाही. माझ्याकडे एक चकचकीत काळ्या तबकडीचे, चांदीसारख्या काट्यांचे घड्याळ होते. दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर भर दुपारी वेळ बघायला मनगट वळवले, तर काचेत माझा स्वतःचा चेहरा आणि मागचे आभाळ दिसले. काटे मात्र कुठे गेले ते कळेना. दुकानातल्या दिव्यांखाली तेच घड्याळ देखणे दिसले होते. तेव्हा घड्याळ पसंत पडले की दुकानदाराची परवानगी घेऊन ते दारापर्यंत, उन्हात न्यावे आणि मनगट थोडे तिरपे करून बघावे. तबकडी चकाकी नसलेली किंवा अगदी मंद झळाळीची असावी, काटे पांढरे किंवा चमकत्या लेपाने भरलेले असावेत, आणि काचेला आतून परावर्तन कमी करणारा लेप असेल तर उत्तम. या लेपाची गरज पांढऱ्या तबकडीपेक्षा काळीला जास्त असते, कारण काळ्या पार्श्वभूमीपुढची काच आरशासारखी वागते.

अंधारात चमकणाऱ्या काट्यांना आपण अजूनही ‘रेडियमचे काटे’ म्हणतो. खरे रेडियम घड्याळांतून केव्हाच गेले, त्याच्यामागून आलेले ट्रिशियमही बहुतेक गेले. हल्ली जो लेप असतो तो किरणोत्सारी नसतो, उजेड पिऊन घेतो आणि अंधारात तो हळूहळू सोडतो. पावसाळ्यात वीज गेलेल्या रात्री त्याची किंमत कळते.

तबकडी एवढी पाहून झाली की घड्याळ उलटे करावे. आपल्या किनाऱ्यावर घड्याळाचा निकाल तबकडी लावत नाही, खारा वारा लावतो. मागच्या झाकणावर इंग्रजीत ‘स्टेनलेस स्टील बॅक’ एवढेच कोरलेले असेल, तर त्याचा अर्थ झाकण तेवढे स्टीलचे आहे, बाकीची केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे कवच, बहुधा पितळेसारख्या धातूवर मुलामा दिलेली आहे. घाटावर असे घड्याळ दहा वर्षे सहज टिकते. इथे घाम आणि मीठ मिळून पट्ट्याच्या खाचेपाशी मुलामा फोडतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्या जागी हिरवट डाग दिसू लागतात. पूर्ण केस स्टीलची आहे, असे स्पष्ट लिहिलेले असावे. ३१६ एल या प्रतीच्या स्टीलमध्ये मॉलिब्डेनम असते, त्यामुळे मिठाने खड्डे पडण्याला ते साध्या स्टीलपेक्षा चांगले तोंड देते. केसही काळीच, म्हणजे काळा लेप दिलेली, घेण्याचा मोह होईल, तो आवरावा. कडांवरचा लेप आधी जातो आणि खालचे पांढरे स्टील उघडे पडते. शिवाय अशा केसवर तपकिरी चामडे खुलत नाही, म्हणजे सगळीकडे चालण्याचा हेतूच बाजूला राहतो.

पाण्याबद्दल फार गैरसमज आहेत. ३० मीटर लिहिले म्हणजे तीस मीटर खोल जाता येते असे नाही. ते घड्याळ हात धुताना उडणाऱ्या थेंबांपुरते आणि पावसाच्या शिंतोड्यांपुरतेच समजावे. मुलांबरोबर लाटांत उतरायचे तर १०० मीटर हवे. तारकर्लीला जाऊन पाण्याखाली उतरण्याचा बेत असेल, तर २०० मीटरचे आणि चावी आट्यांनी घट्ट बसणारे. समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे आणि ओले असताना चावी कधीही ओढू नये.

काचेबाबत आपल्याला वाळूचा विचार करावा लागतो. पांढऱ्या वाळूतल्या क्वार्ट्‌झची कठिणता मोह्‌सच्या मापनात ७, साध्या खनिज काचेची त्याहून कमी आणि नीलमणी म्हणजे सफायर काचेची ९. अर्थात किनाऱ्यावर साध्या काचेला चरे पडणार हे गृहीत धरावे, आणि काळ्या तबकडीपुढचा प्रत्येक चरा पांढरी रेघ म्हणून दिसतो. सफायर परवडत असेल तर इथे पैसे घालावेत.

मापाबद्दल थोडक्यात : काळी तबकडी त्याच मापाच्या पांढऱ्या तबकडीपेक्षा लहान दिसते. साडेसहा इंची मनगटाला ३७ ते ४० मिलिमीटर व्यासाचे घड्याळ घेतले तर ते ना मुलाचे वाटेल, ना भिंतीवरचे. तारखेची खिडकी असेलच तर तिची पार्श्वभूमीही काळी असावी. काळ्या तबकडीतला पांढरा चौकोन एखादा दात पडल्यासारखा दिसतो. आपल्याकडे पाच घड्याळे असल्याने नवे रोज हाती येणार नाही. ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे, घड्याळ काढून ठेवले की साधारण चाळीस तासांत थांबते, म्हणजे दर वेळी वेळ आणि तारीख दोन्ही लावत बसावे लागणार. म्हणून बिनतारखेचे मिळाले तर मी तेच घेईन.

माझ्या मते दोन नावे आधी बघावीत. पहिले सेइकोच्या ‘५ स्पोर्ट्‌स’ मालिकेतले ४० मिलिमीटरचे, काचेभोवती फिरती कडी नसलेले : पूर्ण स्टीलचे, १०० मीटरचे, ऑटोमॅटिक, आणि पट्ट्याची रुंदी २० मिलिमीटर, ज्या मापाचे पट्टे कुठल्याही दुकानात मिळतात. त्यात तारीख आहे, हे मला खटकते. पण बाकीच्या गुणांपुढे ते चालवून घेईन. दुसरे सिटिझनचे प्रकाशावर चालणारे, ३७ मिलिमीटरचे आणि आकड्यांच्या तबकडीचे, लष्करी धाटणीचे. सेल बदलण्याची कटकट नाही, मात्र ते कपाटात महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. वर्ग आणि किनारा एवढेच असते तर मी सिटिझन सुचवले असते. आपल्याला समारंभही हवेत, म्हणून माझे मत सेइकोला. किमती हलत असतात, त्या दुकानातच विचाराव्यात. ४४ मिलिमीटरचे कॅसिओ ड्युरो २०० मीटरचे असूनही स्वस्त आहे, पण आपल्या मनगटावर ते पाटासारखे बसेल.

एचएमटी पायलटचा मोह मी समजू शकतो. सिटिझनच्या तंत्रसाहाय्याने १९६१ मध्ये सुरू झालेल्या बंगळुरूच्या कारखान्याचे ते चावीचे, छोटेखानी घड्याळ काळ्या तबकडीच्या शौकिनांत फार प्रिय आहे. परंतु एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय २०१६ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला, आणि आज ‘कोरे’ म्हणून विकले जाणारे पायलट बहुतेक वेळा जुन्या यंत्रावर नव्याने रंगवलेली तबकडी बसवून तयार केलेले असते. भिंगाखाली धरा : आकड्यांच्या कडा पसरलेल्या, मिनिटांच्या रेघा एका बाजूला सरकलेल्या, रंगाचा थर जाड, काट्यांवरचा लेप पिवळट तर तबकडीवरचा हिरवागार. असे काही दिसले की ते घड्याळ परत ठेवा. अस्सल सापडले तर अवश्य घ्या, पण वडिलांच्या एचएमटीशेजारी ठेवण्यासाठी. भाट्याच्या पाण्याशी त्याची गाठ घालू नका.

पट्ट्यांचे वेळापत्रक मात्र आपल्याला पाळावे लागेल. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत तपकिरी चामडे, मे महिन्याच्या घामात स्टील, आणि पाऊस लागला की रबर किंवा नायलॉन. आषाढात कपाटात राहिलेल्या चामड्यावर चार दिवसांत बुरशी येते. पट्टा बदलताना स्प्रिंगची बारीक पिनही बघावी. माझी एक पिन आतून गंजली होती. एका सकाळी मांडवीच्या जेट्टीवर हात झटकला आणि घड्याळ दगडावर आपटले. काच वाचली, केसच्या कडेला खोक पडली. पिना दर वर्षी पावसाळ्याआधी बदलाव्यात. खर्च किरकोळ असतो.

प्रश्न : माझ्या काळ्या तबकडीच्या घड्याळात पावसाळ्यात सकाळी काचेआड धुके दिसते आणि दुपारी जाते. ते आपोआप जाते, तर दुरुस्त करावे का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : लगेच करावे. धुके गेले तरी पाणी आतच असते. गारव्यात ते काचेवर जमते आणि उन्हात पुन्हा वाफ होते. बहुधा झाकणाखालचे किंवा चावीजवळचे रबर कडक झाले आहे. घड्याळ उघडून वाळवणे आणि रबर बदलणे हे घड्याळवाल्याचे काम आहे. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने आतली ओल निघत नाही, उलट पीठ चावीत शिरते. उशीर केला तर आधी काट्यांच्या मुळाशी गंजाचा तपकिरी ठिपका येईल, आणि काळ्या तबकडीवर तो ठिपका लपत नाही. नेताना चावी दाबलेली ठेवा, ओढून नेऊ नका.